इंजिन बंद होतं, तरी ड्रम फिरला

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचक आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचायचो... घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, बंद खोलीतले आवाज वगैरे. वाचून झालं की रफिकला दाखवायचो आणि दोघं हसायचो. माझा धंदाच असा आहे की त्यात अशा गोष्टींना जागा नाही. मी हायड्रॉलिकची कामं करतो. तेल ज्या बाजूने ढकलाल त्या बाजूला मोटर फिरते. तेलाची बाजू बदला, मोटर उलटी फिरते. तेल ढकललंच नाही तर मोटर जागची हलत नाही. वीस वर्षांत मी याच्या बाहेरचं काही पाहिलं नव्हतं.

आता लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. यात घाबरण्यासारखं फारसं काही नाहीच. पण घरात बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही आणि आत ठेवून ठेवून आता जड व्हायला लागलंय, म्हणून.

मी रोह्याचा. म्हणजे राहायला अष्टमीला, पुलापलीकडे, आणि दुकान रोह्यात एमआयडीसीच्या रस्त्याला. होज पाइप बनवणं, सिलिंडरचे सील बदलणं, विंच, जॅक, जेसीबीचे पंप अशी कामं. रफिक माझा पार्टनर, अष्टमीचाच, आयटीआयपासून बरोबर आहे. निम्मं काम आम्हाला डोलवीच्या पोलाद कारखान्याकडून येतं. तिथल्या ठेकेदारांकडे मशिनरी भरपूर आणि ती सतत बिघडत असते.

पेणहून निघालं की वडखळ सोडल्यावर, डोलवीच्या अलीकडे, खाडीकडे एक रस्ता उतरतो. पुढे तो बांधावरचा कच्चा रस्ता होतो. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडी. ज्यांना हा खारेपाटाचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : इथे शेत खाली आणि भरतीचं पाणी वर, अशी परिस्थिती आहे. मधे फक्त मातीचा बांध. त्या बांधात ठिकठिकाणी दरवाजे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. पावसाळ्यात ओहोटी लागली की उघाडी उघडायची, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत ती बंद करायची, नाहीतर खारं पाणी आत. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धड होत नाही. म्हणून उघाडीवर माणूस नेमलेला असतो.

मी सांगतोय त्या गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून तिथेच आहेत. त्या गावच्या उघाडीवर महादू काका होते. वय सत्तरच्या आसपास. आधी मिठागरात कामाला, मिठागर बंद पडल्यावर उघाडीवर. पूर्वी फळ्यांचा दरवाजा होता, तो हाताने काढायचा-लावायचा. मग कुठल्याशा कामातून तिथे लोखंडी गेट आलं आणि ते उचलायला एक हायड्रॉलिक विंच. जुनाच होता, कुठून तरी काढून आणून बसवलेला. छोटं डिझेल इंजिन, पंप, एक लिव्हर, आणि वर सांगाड्यावर ड्रम. ड्रमवर वायररोप, रोपच्या टोकाला गेट. लिव्हर आपल्याकडे ओढला की गेट वर, पुढे ढकलला की खाली. काकांना ते एका दिवसात जमलं होतं. मी पहिल्यांदा होज बदलायला गेलो तेव्हा मला म्हणाले, ‘‘मिस्त्री, आता फल्या उचलून पाठ मोडायची नाय. नुसता कान पिलायचा.’’ लिव्हरला ते कान म्हणायचे.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी गावाने त्या विंचचा रोप बदलला. जुना गंजला होता. बदलणाऱ्यांनी नवीन रोप ड्रमवर उलटा गुंडाळला. म्हणजे असं बघा – दोऱ्याचं रीळ हातात धरा. दोरा रिळाच्या वरच्या अंगाने बाहेर येऊ शकतो किंवा खालच्या अंगाने. दोन्हीकडून दोरा गुंडाळला जातो, पण रीळ फिरायची दिशा उलटी होते. आधी रोप वरून येत होता, आता खालून यायला लागला. साहजिकच लिव्हर उलटा झाला. ओढला की गेट खाली, ढकलला की वर. काकांनी मला फोन केला, ‘‘मिस्त्री, कान उलटा झालाय. सवय हाताला, भरती आली आन चुकून उघडला म्हंजे? गाव मारील मला.’’

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. बघितल्याबरोबर कळलं काय झालंय ते. आता याला दोन इलाज होते. बरोबर इलाज म्हणजे गेटला आधार द्यायचा, सगळा रोप उलगडायचा आणि वरच्या अंगाने पुन्हा गुंडाळायचा. अर्ध्या दिवसाचं काम, तेही ओहोटी सांभाळून. दुसरा इलाज – मोटरकडे जाणारे दोन होज एकमेकांच्या जागी लावायचे. तेलाची बाजू बदलली, ड्रमची दिशा बदलली, लिव्हर सरळ. वीस मिनिटं.

त्या दिवशी डोलवीला शटडाऊनचं काम सुरू होतं आणि सुपरवायझरचे फोनवर फोन येत होते. मी होज बदलले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अशा विंचला आत एक ब्रेक असतो. लिव्हर सोडला की तो आपोआप धरतो, म्हणजे गेट वर अडकून राहतं. पण हा ब्रेक एकाच दिशेने धरतो. सायकलचं फ्रीव्हील कसं, एका बाजूला धरतं आणि दुसऱ्या बाजूला मोकळं फिरतं, तसं. रोप उलटा गुंडाळला की गेटचं वजन नेमकं मोकळ्या बाजूला ओढतं. ब्रेक असून नसल्यासारखा. मग गेटला धरून ठेवतं ते फक्त मोटरमधलं तेल, आणि मोटर जुनी असली की तेल आतल्या आत झिरपतं... गेट बोटाबोटाने खाली येत राहतं.

हे मला माहीत होतं. नवशिका नव्हतो मी. लिव्हर उलटा चालत होता ती त्या मशीनने दिलेली सूचनाच होती की रोप चुकीचा बसलाय. होज बदलून मी ती सूचना तेवढी पुसून टाकली.

काकांनी गेट वर-खाली करून बघितलं. लिव्हर सरळ झाला म्हणून खूश झाले. मग गेट वर ठेवून, लिव्हर सोडून, ड्रमपाशी कान नेऊन उभे राहिले.

‘‘मिस्त्री, आतला पट्टा पयला टक करून धरायचा. दोर बदलल्यापासनं आवाज नाय येत.’’

पट्टा म्हणजे तोच ब्रेक. मी पाने-हत्यारं गोळा करत होतो. मान वर न करता म्हणालो, ‘‘नवीन रोप आहे काका. चालून चालून बसेल.’’

‘‘बसंल?’’

‘‘बसेल. आणि तसंही मी आठ दिवसांत एक चक्कर मारतोच. तेव्हा बघून घेतो.’’

‘‘मंग ठीक हाय,’’ म्हणाले. त्यांच्या बायकोला, यमुनाकाकींना, हाक मारली, ‘‘गो, मिस्त्री निघालाय, चाय झाली का?’’ मी चहाला थांबलो नाही.

आठ दिवसांत मी गेलो नाही. मग पाऊस लागला. जूनच्या शेवटी काकांचा फोन. गेट वर ठेवून घरी जेवायला गेले की परत येईस्तोवर ते हातभर खाली आलेलं असतं, म्हणाले. पाणी निघत नाही, वरच्या अंगाच्या शेतात भाताची रोपं बुडतात, लोक बोलतात. मी म्हटलं, रविवारी येतो. त्या रविवारी धाटावला एक जेसीबी अडला. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी. खोटं कशाला बोलू, एक रविवार तर मी घरी झोपून काढला.

जुलैमध्ये अजून दोन फोन आले. आवाजात तक्रार नसायची. ‘‘मिस्त्री, येतोस नव्हं?’’ एवढंच. पार्श्वभूमीला इंजिनचा आवाज आणि पावसाचा. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही की दरवेळी मागे इंजिनचा आवाज का असतो. ते नंतर कळलं. पूर्वी गेट उचललं की काका घरी जायचे आणि भरती लागायच्या आधी यायचे. आता गेट उतरत राहतं म्हणून ते पूर्ण ओहोटीभर तिथेच बसून राहायचे. अर्ध्या-अर्ध्या तासाने इंजिन चालू करून गेट परत वर घ्यायचे. दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी पाच-सहा तास. उघड्या बांधावर, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन. गावाने दुसरा माणूस द्यायची तयारी दाखवली होती म्हणे. काकांनी नको म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या हातून एकदा जरी चूक झाली तर सगळ्यांचं भात जाईल, आणि मिस्त्री येणारच आहे.

श्रावणात एका सकाळी त्यांचा मिस्ड कॉल दिसला. मी पंप खोलून बसलो होतो, हात तेलाने माखलेले. परत तेच असणार, असं मनात म्हटलं आणि राहू दिलं.

गणपती झाले. त्यानंतर साधारण आठवड्याने मी आणि रफिक डोलवीला एका कामाला गेलो. ते काम दोन तासांतच आटपलं. दहा वाजले होते, ऊन पडलं होतं, टेम्पोत सगळी हत्यारं होती. रफिकच म्हणाला, ‘‘तो तुझा उघाडीवाला काका... इथनं जवळच ना? उरकून टाकू.’’ मला पश्चात्ताप झाला आणि मी धावत गेलो असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. वेळ मोकळा होता म्हणून गेलो.

बांधावर टेम्पो लावला. ओहोटी चांगली लागली होती, खाडीचा चिखल उघडा पडला होता. विंचपाशी यमुनाकाकी गोणपाट अंथरून बसल्या होत्या. मी विचारलं, ‘‘काकी, काका कुठे?’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखायला थोडा वेळ लागला असावा.

‘‘काका गेला ना,’’ म्हणाल्या. ‘‘गणपतीच्या आधी. तुला नाय कळलं?’’

 रफिकने विचारलं, काय झालं होतं.

‘‘ताप. पयला तापच व्हता. मंग छातीत पानी झालं बोलले. पेनला ठेवला चार दिस, मंग अलिबागला न्यायला सांगितला.’’ त्या सावकाश बोलत होत्या, बऱ्याच जणांना सांगून झालेलं असतं तसं. ‘‘पेनच्या हास्पिटलातनं तुला फोन लावला व्हता त्याने. मीच लावून दिला. बोलला, मिस्त्रीला सांगतो, मी नाय तिथं, तू लवकर ये, हिला नाय जमायचा.’’

तो मिस्ड कॉल.

कुणी मला दोष दिला नाही. काकींनी नाही, गावातल्या कुणी नाही. डॉक्टर म्हणाले असतील वय झालं होतं, विडी ओढायचे. तेही खरंच असेल. पण दोन महिने एक सत्तर वर्षांचा माणूस पावसात का बसला होता, ते मला एकट्याला नीट माहीत होतं.

मी रफिकला म्हटलं, आज हे पूर्ण करूनच जायचं. रोप सोडवून सरळ गुंडाळू, होज मूळ जागी लावू.  होज अदलाबदल केलेले त्याने बघितले आणि त्याला सगळं कळलं.

इंजिन चालू करून गेट पूर्ण वर घेतलं, छातीच्याही वर. इंजिन बंद केलं. आता गेटखाली दोन लाकडी ओंडके उभे करून त्यावर ते टेकवायचं, म्हणजे रोप मोकळा होईल. ओंडके टेम्पोत होते. रफिक ते आणायला गेला, टेम्पो साठ-सत्तर पावलांवर होता. काकी गोणपाटावरून उठून बांधाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

आणि मी खाली उतरलो. गेटच्या खालच्या कडेला रोप ज्या कडीत अडकवलेला असतो, त्यातली पिन गंजली होती. दोन मिनिटांत ढिली करून ठेवू, असं वाटलं. ब्रेक धरत नाही हे माहीत असताना, गेटला आधार नसताना, मी त्याच्या खाली जाऊन उभा राहिलो.  डोकं ठिकाणावर नव्हतं एवढंच.

उघाडीच्या तळाला गाळ साचलेला असतो. डावा पाय गुडघ्यापर्यंत त्यात रुतला. तो काढायला म्हणून मी खाली बसलो, आणि वर फस्स असा आवाज आला. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. होज फुटला होता. वरून तेल उडालेलं दिसलं, आणि गेट खाली यायला लागलं.

दगडासारखं नाही आलं. खाचेतून घासत, एका लयीत, माणूस चालतो तेवढ्या वेगाने आलं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. पाय निघत नव्हता. लोखंडाची कड पाठीवर टेकली, दोन खांद्यांच्या मधे. मग दाबायला लागली. छाती गुडघ्यावर, गुडघा गाळात. तोंडापाशी चिखल आला. काही मोठे विचार आले नाहीत मनात. टेम्पोची चावी माझ्या खिशात आहे, रफिक घरी कसा जाईल, एवढंच आलं.

आणि ते थांबलं.

थांबलं हे एक वेळ समजू शकतो. कुठे खाचेत अडकलं असेल. पण मग ते वर गेलं. चार बोटं वर गेलं आणि थांबलं. परत चार बोटं. परत थांबलं. इंजिनवर गेट एकसारखं वर जातं, हिसके न देता. हे तसं नव्हतं. विहिरीतून कळशी ओढताना माणूस कसा करतो – ओढतो, हात बदलतो, परत ओढतो... अगदी तसं. मधल्या थांबण्यात दम खाल्ल्यासारखं. मी मोजलं नाही, पण सहा-सात वेळा झालं असेल. पाठ मोकळी झाली. मी दोन्ही हातांनी पाय उपसला, बूट आतच राहिला, आणि खाडीच्या बाजूला पालथा पडून सरपटत बाहेर आलो. पुरता बाहेर आलो आणि मागे गेट खाली पडलं. या वेळी एकदम. सगळा चिखल माझ्या अंगावर.

रफिक धावत आला होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, वर ड्रमकडे बघत होता. हातातला ओंडका त्याने टाकला सुद्धा नव्हता.

‘‘तू चालू केलंस?’’ मी विचारलं.

‘‘मी आत्ता पोचतोय,’’ तो म्हणाला. ‘‘अरुण, इंजिन बंद आहे. होज तुटून लोंबतोय. आणि ड्रम वर फिरत होता. मी बघितला. वर घ्यायच्या दिशेने फिरत होता.’’

 तांत्रिक माणसं आम्ही, त्यामुळे भीती वाटायच्या आधी डोकं कारण शोधायला लागलं. लाइनमध्ये अडकलेलं प्रेशर? पण होज फुटून हवेला उघडा होता, प्रेशर राहणार कुठे. पाण्याने गेट उचललं? पूर्ण ओहोटी, तळाला घोट्याएवढं पाणी. कुणी हाताने फिरवला? त्या ड्रमला आत गिअर आहेत, चार माणसं लटकली तरी तो फिरत नाही. आम्ही नंतर करून पण बघितलं. हलला नाही. आणि तिथे होतंच कोण... काकी होत्या, त्या बांधाच्या कडेला, विंचपासून लांब. त्या तिथेच उभ्या होत्या. घाबरलेल्या दिसत नव्हत्या. ड्रमकडे टक लावून बघत होत्या.

मग आम्ही काम केलं. दुसरं काय करणार. नवीन होज टेम्पोतच होता. ओंडके आधी लावले, नीट, दोनदा तपासून. रोप सगळा उलगडला, वरच्या अंगाने गुंडाळला, होज मूळ जागी. गेट उचललं, लिव्हर सोडला, आणि आतून टक असा आवाज आला. अर्धा तास थांबून मोजलं, गेट एक बोटही उतरलं नव्हतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. अर्ध्या दिवसातच झालं.

चार वाजता काकींनी घरून चहा आणला. मी हात धुऊन त्यांच्या समोर बसलो आणि सांगून टाकलं. की काकी, त्या दिवशी मला माहीत होतं काय बिघडलंय ते. पट्टा बसेल म्हणालो ते खोटं होतं. मला घाई होती.

काकी चहा ओतत होत्या. थांबल्या नाहीत.

‘‘त्याला म्हाईत व्हता,’’ म्हणाल्या.

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘तू खोटा बोललास ते. त्याच सांजला बोलला मला. मिस्त्री मान वर करून नाय बोलला, बोलला. पन येल तो. लाज वाटली हाय त्याला, म्हनून लांबवतो, पन येल.’’

रफिक उठून टेम्पोकडे गेला. माझ्या हातात कप होता, तो मी तसाच धरून बसलो.

चहा ओतून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘मगाशी तोच व्हता ना?’’

मी म्हणालो, ‘‘मला माहीत नाही काकी. ड्रम फिरला एवढं खरं.’’

‘‘तोच व्हता. असाच ओढायचा तो. दम खात. फल्या काढायचा तेव्हा पन असाच.’’ मग त्यांनी ड्रमकडे बघितलं. ‘‘महिना होत आला. गेट आता गावची पोरं येऊन-जाऊन वर घेतात, तरी मी रोज येऊन बसते हितं. कोन येतं, कोन जातं, नुसती बघत बसते. माझ्यासाठी नाय आला एकदा पन. तुझ्यासाठी आला.’’

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. आपल्या वाट्याचं काहीतरी दुसऱ्याला मिळालं आणि ते निमूटपणे बघावं लागलं, तसा आवाज होता.

‘‘खाली व्हतास तेव्हा काय बोलला का तो? काय ऐकलंस?’’

‘‘नाही काकी. काहीच आवाज नव्हता.’’

‘‘माझं काय इचारला नाय?’’

मी मान हलवली. नाही.

त्यांनी रिकामे कप उचलले, पदराने पुसले आणि एकात एक घातले.

नंतर मी या प्रकाराबद्दल माझ्या ओळखीच्या दोन-तीन जाणकारांना विचारलं, नावगाव न सांगता. एकाने सांगितलं ताणलेला वायररोप आखडू शकतो. आखडेल, बोटभर. हातभर नाही, आणि सहा-सात हिसक्यांत तर नाहीच. दुसरा म्हणाला माणूस घाबरला की असं काहीही वाटतं. मला वाटलं असेल, मान्य. रफिकला का वाटावं, तो तर वर उभा होता. माझ्या पाठीवर गेटच्या कडेचा काळा-निळा पट्टा पंधरा दिवस होता.  याचं उत्तर ज्यांच्याकडे असेल त्यांनी जरूर सांगावं, मी वाद घालणार नाही. आणि तुम्हाला ही थाप वाटत असेल तरी हरकत नाही, दोन वर्षांपूर्वी मलाही वाटली असती.

पण रात्री झोप लागत नाही ती ड्रममुळे नाही. तो का फिरला हा प्रश्न माझा आता जवळजवळ सुटलाय, म्हणजे मी तो सोडून दिलाय. मी आठवत बसतो ते काकींचं शेवटचं वाक्य. समोर चहा घेऊन बसलेली म्हातारी बाई एवढंच विचारत होती की त्याने माझी चौकशी केली का. मला खरं बोलायचं तेव्हाच सुचलं. ‘हो काकी, केली’ म्हणायला माझं काय जात होतं?